हैबतीचा कोनाडा

साहेब, त्या कोनाड्यात बॅग नका ठेवू. खाली गवतावर ठेवा, काही होत नाही तिला. तुम्ही महामंडळाकडून गळती बघायला आलात, मापं घ्याल, फोटो काढाल; पण करंजठाणच्या तळ्याची भिंत बघायची तर आधी हा कोनाडा बघावा लागतो. भिंतीच्या पायथ्याशी, बरोब्बर मध्यावर, एक माणूस गुडघे मुडपून बसेल एवढी जागा. पलीकडे तळ्याचं सगळं पाणी आणि अलीकडे हा. यात देव नाही, दिवा नाही, कधी नव्हता. मी इथला पाटकरी, पाटाचं पाणी सोडतो-बांधतो आणि रोज हा झाडतो. माझ्याआधी माझा बाप झाडायचा. बसा, सांगतो.

जहागिरीच्या काळातली गोष्ट म्हणे. इथे एका बाईसाहेबांचा अंमल होता आणि तळं बांधायचं त्यांनीच मनावर घेतलं. चुना बाहेरून आणायचा नाही असा हुकूम, कारण जहागिरीची स्वतःची चुनाकोठी होती. तिच्यावर अजबराव नावाचा दारोगा, आणि त्याच्या हाताखाली हैबती लोणारी, चुना चाखणारा. हसू नका साहेब, चाखणाराच. तेव्हा कुठली आलीय तुमची प्रयोगशाळा? घाणीच्या चाकाखाली मळलेला चुना हैबतीनं बोटावर घेऊन जिभेला लावायचा. कसदार चुना चटका देतो, राखमाती मिसळलेला मुकाट बसतो. चटका बसला की हैबती ढिगावर लाकडी ठसा उठवायचा, आणि ठशाशिवाय एक टोपलं भिंतीवर चढत नसे. हैबतीच्या जिभेला सगळी जहागीर मानायची.

पण जीभ ती जीभच. वीस वर्षं चटके खाऊन ती हळूहळू मेली. आधी मीठ कळेना, मग तिखट, मग चुनाही. हैबती एकटा जीव, बायको जाऊन जमाना झालेला, मूलबाळ नाही. त्या ठशापलीकडे आपलं म्हणावं असं त्याला काही नव्हतं. तो हातून गेला तर आपल्याला कोण विचारतंय, या भीतीनं त्यानं कुणाला सांगितलं नाही. बोट जिभेला लावायचा, तोंड वाकडं करायचा आणि ठसा उठवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोघांना मात्र कळलं. एक अजबराव. त्यानं हैबतीला हटवलं नाही, उलट दसऱ्याला पागोटं बांधलं. असा चाखणारा शोधून सापडला नसता! मग चांगला चुना मागच्या दारानं अजबरावाच्या नव्या गढीकडे जाऊ लागला आणि तळ्याच्या वाट्याला राख आली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा ना.

दुसरी गोजरी. वडारांच्या तांड्याबरोबर दगड फोडायला आलेली विधवा पोर, मागेपुढे कुणी नाही. हैबतीला ती मामा म्हणायची आणि स्वतःबरोबर त्याचीही भाकरी थापायची. एकदा तिच्या हातून पिठात मीठ दोनदा पडलं. पहिलाच घास तिनं थुंकून टाकला. हैबतीनं मात्र अख्खी भाकरी खाल्ली आणि वर पाणीसुद्धा मागितलं नाही. गोजरी नुसती बघत राहिली. तिनं ओळखलं, हे हैबतीला कळलं. ती कुठे बोलणार नाही हेही कळलं, आणि त्याला बरं वाटलं.

तळं पहिल्यांदा भरता भरताच भिंत फुटली. पुन्हा बांधली, दुसऱ्या वर्षी पुन्हा फुटली, आणि खालची खाचरं मातीसकट वाहून गेली. आता लोक विचारू लागले. अजबराव कसला घाबरतोय! त्यानं देवऋषीच्या तोंडून वदवून घेतलं, की तळ्याला बळी हवाय, भिंतीत जिती बाई चिणावी लागेल. बाईसाहेब दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणे, पण गावानं गळ घातली तेव्हा गप्प राहिल्या. गावानं तरी काय केलं? प्रत्येकानं मनातल्या मनात आपापली लेक वगळली, आणि उरली गोजरी. तिच्यासाठी नव्या भिंतीत जागा सोडली. ती जागा म्हणजे हा कोनाडा.

गोजरीला कोठीतच कोंडून ठेवलं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती: मामाची जीभ मेलीय. हैबती आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी भाकरी थापून तिच्याकडे घेऊन गेला. वाटेभर त्याला धाकधूक, ती बोलली असेल की नसेल. ती बोलली नव्हती. तिनं घास मोडला, चावला, आणि हळूच म्हणाली, "मामा, आळणी आहे रे. मीठच घातलं नाहीस." आणि सगळी भाकरी खाल्ली.

हैबती तिथून उठला तो थेट बाईसाहेबांच्या सदरेवर गेला. कडुनिंबाचा रस वाटगाभर काढून न्यायला विसरला नाही. सगळ्या सभेसमोर तो रस त्यानं ताकासारखा पिऊन टाकला. कपाळावर एक आठी नाही. मग म्हणाला, "ही जीभ तीन वर्षं मेलेली आहे. दारोगांना ठाऊक होतं, म्हणून तर मला ठेवला. भिंतीला बळी नको, बाईसाहेब. भिंतीला चुना हवाय."

अजबरावानं कानावर हात ठेवले, म्हातारा चळलाय म्हणाला. बाईसाहेबांनी फुटक्या भिंतीतलं एक ढेकूळ आणवून पाण्यात टाकलं. त्याचा विरघळून गाळ झाला. मग गढीच्या भिंतीतलं टाकलं. ते तसंच राहिलं. पुढे सांगायला नको. गढी उतरवली, दारोग्याला वेशीबाहेर काढलं. ते मधले काळे, गुळगुळीत घडवलेले दगड दिसतात ना, ते गढीचे.

हैबतीला मात्र बाईसाहेबांनी माफ केलं. खरं बोलला म्हणून. त्याला ते पटेना. दारोगा गेला, पण प्रत्येक ढिगावर ठसा आपला होता, दारोग्याचा नव्हता. भिंत तिसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा त्यानं ठसा सदरेवर ठेवला आणि तळं भरायच्या दिवसांत या कोनाड्यात येऊन बसला. तळं भरून सांडवा वाहेपर्यंत उठणार नाही म्हणाला. गोजरी म्हणाली, मीही बसते. तेव्हा तो एकदाच रागावला. "तू बसलीस तर बळीच झाला की गं. ही जागा ज्यानं ठसा मारला त्याची."

सात दिवस तो बसला. गाव टेकडीवर जाऊन राहिलं होतं. पाठीमागे पाणी चढत होतं, दगड गार पडत होते, आणि बोलायला एक माणूस नव्हतं. कुठे झिरपतंय का, हे तो पाठीनं चाचपायचा. इतका एकटा तो बायको गेली तेव्हाही पडला नव्हता, असं माझा बाप सांगायचा. जसं काही त्यानं बघितलंच होतं. गोजरी रोज टेकडी उतरून यायची, दहा पावलांवर भाकरी ठेवायची. त्यानं सांगितलं होतं, जवळ यायचं नाही. भाकरीत ती मुद्दाम मीठ दोनदा घालायची आणि लांब उभी राहून बघायची. सहा दिवस तो मुकाट खात राहिला.

सातव्या दिवशी सांडवा वाहिला. टेकडीवर हलगी वाजू लागली. हैबतीनं घास घेतला आणि थांबला.

"गोजरे," म्हणाला, "मीठ जास्त झालंय."

ती तिथेच रडायला लागली.

पुढे तांडा दुसऱ्या कामावर गेला, गोजरीही गेली. लोक हैबतीला लांबूनच हात जोडायचे, जवळ बसायला कुणी येत नसे. दर पावसाळ्यात तो इथे एकटा बसायचा, आणि तो बसलेला दिसला की खालच्या आळीतली माणसं निवांत झोपायची.

आजही रीत आहे, साहेब. भिंतीच्या कामावर ज्याची सही, त्यानं पाणी चढताना या कोनाड्यात एकट्यानं बसायचं. गावातून दोनदा मीठ घातलेली भाकरी येते. खारट आहे म्हणाला की उठायचं. एक ओव्हरसियर होता, माझ्या लहानपणी. "छान झालीय हो," म्हणाला. बायांनी त्याला आणखी एक दिवस बसवला.

मागची दुरुस्ती तुमच्या महामंडळानं केली. कागदावर सात सह्या होत्या. पाणी चढलं तेव्हा मी झाडून वाट बघत होतो, सातांतला एकही आला नाही. त्या वर्षी भाकरी मीच खाल्ली, इथे बसून. खारट होती. भिंत तेव्हापासून गळतेय.

आता तुम्ही सही करणार म्हणता. करा. कोनाडा झाडलेला आहे. त्यातली बॅग तेवढी उचला.