दिनकररावांचं अर्धं कोडं

एकदा एक बाई वर्तमानपत्राचा चतकोर तुकडा घेऊन विद्या शिकायला निघाल्या. आमच्याच जिन्यातल्या मालिनीवहिनी. त्यांचे यजमान दिनकरराव रोज सकाळी चहाबरोबर आकड्यांचं कोडं, ते सुडोकू, सोडवायचे, तेही पेनने. "पेन्सिल कच्च्या माणसाला!" हे माझ्या दारापर्यंत ऐकू यायचं. वहिनींनी मान पुढे केली की म्हणायचे, "तुझ्यानं व्हायचं नाही, तू पोह्यांकडे बघ."

दिनकरराव गेले. शेवटचं कोडं अर्धंच राहिलं. ते आपल्या हातून पुरं व्हावं, एवढंच वहिनींनी मनात धरलं होतं. रोज घेऊन बसायच्या. एक आकडा पुढे सरकत नसे.

तळमजल्यावर नेरूरकर गुरुजी राहतात. वृद्ध, मितभाषी, असल्या कोड्यांत मुरलेले. शेवटी वहिनी तो तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी तो तुकडा बराच वेळ न्याहाळला आणि घडी करून परत दिला. "हे नंतर. आधी दुसरं कोडं घेऊ."

नियम साधा. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या लहान चौकटीत एक ते नऊमधला प्रत्येक आकडा एकदाच. वहिनींनी एका घरात चार लिहिला. गुरुजींनी तो खोडरबराने पुसला.

"चुकला?"

"बरोबर होता."

"अहो, मग पुसलात कशाला?"

"चारच का, ते सांगा."

"वाटला, म्हणून लिहिला."

"म्हणून पुसला. अंदाजाचा आकडा निमूट बसून राहतो, वहिनी. चुकलेला असला तरी बोलत नाही, पुढचे मात्र सगळे बिघडवतो. घरात काय बसेल हे विचारू नका. काय बसणार नाही, ते काढत चला. उरेल तो तुमचा."

दिवाळीनंतर सुरू झालेलं हे शिक्षण संक्रांतीपर्यंत चाललं. संक्रांतीच्या दुपारी वहिनींनी यजमानांचा तुकडा उलगडला, एका रिकाम्या घरावर बोट ठेवलं आणि न बसणारे आकडे काढत गेल्या. नऊच्या नऊ गेले. उरलं काहीच नाही. तशाच खाली गेल्या; तिळगूळ द्यायला मीही तिथे होतेच.

"गुरुजी, इथे काहीच बसत नाही! यांनीच कुठेतरी अंदाजानं ठोकलाय, आणि वर पेननं!"

"हो. पहिल्याच दिवशी दिसलं मला."

"आणि मी आपली समजतेय, मलाच अक्कल नाही. सांगायचं नाही का?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मी सांगितलं असतं, तर गेलेल्या माणसाची चूक काढणारा परका ठरलो असतो. तुम्ही काढलीत, तर ती नवराबायकोतली गोष्ट झाली."

वहिनी त्या निळ्या आकड्यांकडे पाहत राहिल्या. मग एकदम हसू फुटलं. "पोह्यांकडे बघ म्हणे!" हसता हसता पदर डोळ्यांना लागला. कितीतरी महिन्यांनी ते हसणं जिन्यात ऐकू आलं.

कोडं तसंच अर्धं, दिनकररावांच्या फोटोमागे खोचलेलं आहे. सकाळी चहाबरोबर वहिनी नवं कोडं उघडतात आणि पेन्सिलीला टोक काढतात.

अडलेल्या प्रत्येक गोष्टीत दोष आपलाच, असं ठरवण्याआधी, मागे कुणी अंदाजाचा आकडा तर ठोकून ठेवला नाही ना, माणसानं एवढं तरी तपासून पाहावं.