तिळीने कळ काढली

मुंगी केवढी? तिळाएवढी.
म्हणून तिचं नाव तिळी.

तिळी राहायची वाचनालयाच्या भिंतीत. खिडकीखालच्या फटीत. घरात होती धाकटी बहीण, बिटकी. बिटकी तिळीहूनही बारीक. तिला अजून चालता येत नव्हतं. भूक मात्र लागायची.

"तिळीताई, भूक!"

"आणते हं. गूळ आणते," तिळी म्हणाली. आणि निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु.

वाचनालयात होती सुनेत्राताई. ताई पुस्तकं द्यायची. पुस्तकं परत घ्यायची. आज तिने टेबलाशी बसून गूळपोळी खाल्ली. थोडा चुरा सांडला. चुऱ्यात होता गुळाचा खडा. लालसर, चिकट, चकचकीत.

तिळीने खडा उचलला. डोक्यावर घेतला. घरी निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत आला कॉम्प्युटरचा कीबोर्ड. कळाच कळा! प्रत्येक कळेवर एक अक्षर. तिळी 'ज'वर चढली. 'द'वर चढली. 'ग'वर चढली. आणि तिचा पाय घसरला.

टुपुक!

गुळाचा खडा पडला. 'ग'च्या कळेखाली गेला.

तेवढ्यात ताईने पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. धप्प! कीबोर्डवरच ठेवला. तिळी पटकन बाजूला झाली.

"अगंबाई, इथे कुठे ठेवला!" ताई म्हणाली. आणि तिने गठ्ठा उचलला.

बाकीच्या कळा वर आल्या. 'ग'ची कळ गुळाला चिकटली. ती खालीच बसली.

कळ वर, गूळ खाली. तिळी रडकुंडीला आली.

इतक्यात लांबून आवाज आला.

"भंगाऽऽर! पत्रा, लोखंड, डबे, बाटल्याऽऽ!"

ताईने खिडकीतून हाक मारली, "नामूकाका, इकडे पण या हं! हा कॉम्प्युटर न्यायचाय. चालत नाही. सकाळपासून नुसता बीप-बीप करतोय."

"येतो ताई! एवढी गल्ली संपवतो!"

तिळी दचकली. कॉम्प्युटर गेला, तर कीबोर्ड गेला. कीबोर्ड गेला, तर गूळ गेला. मग बिटकी काय खाणार?

तिळी कळेला म्हणाली,

"कळबाई, कळबाई, उठा ना!
गूळ मिळेना,
माझी बिटकी जेवेना!"

कळ म्हणाली, "मी नाही उठणार जा! पडद्यावर माझा 'ग' दिसतच नाही. पडदा उजळल्याशिवाय मी उठणार नाही."

तिळी गेली पडद्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

पडदा होता काळाकुट्ट.

"पडदेभाऊ, पडदेभाऊ, उजळा ना!
कळ उठेना,
गूळ मिळेना,
माझी बिटकी जेवेना!"

पडदा म्हणाला, "मी कसा उजळू? डबा मला काही पाठवतच नाही. डबा जागा झाल्याशिवाय मी उजळणार नाही."

तिळी गेली डब्याकडे. वायरीवरून खाली, खाली, खाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टेबलाखाली होता मोठा काळा डबा. कॉम्प्युटरचा सगळा कारभार त्याच्या पोटात.

बीप! बीप! बीप!

"डबेराव, डबेराव, जागे व्हा ना!
पडदा उजळेना,
कळ उठेना,
गूळ मिळेना,
माझी बिटकी जेवेना!"

डबा म्हणाला, "बीप! डोळे उघडतो, पण पुढे काय करायचं तेच समजत नाही. बीप! आठवणीची पट्टी काही सांगत नाही. पट्टीला आठवल्याशिवाय मी जागा होणार नाही. बीप!"

तिळी गेली पट्टीकडे. डब्याच्या जाळीतून आत. पंख्याखालून पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु.

आत होती हिरवी पट्टी. तिला खाली रांगेने सोनेरी दात.

"पट्टीमावशी, पट्टीमावशी, आठव ना!
डबा जागेना,
पडदा उजळेना,
कळ उठेना,
गूळ मिळेना,
माझी बिटकी जेवेना!"

पट्टी म्हणाली, "काय आठवू? बघ, माझे दात कसे मळलेत! खोडरबराने दात घासल्याशिवाय मला आठवणार नाही."

"दात खोडरबराने घासतात?" तिळीने विचारलं.

"तुमच्यात नसतील. आमच्यात घासतात," पट्टी म्हणाली.

बाहेरून आवाज आला. आता जरा जवळून.

"भंगाऽऽर! पत्रा, लोखंड, डबे, बाटल्याऽऽ!"

तिळी गेली खोडरबराकडे. वायरीवरून वर, वर, वर. तुरुतुरु, तुरुतुरु.

खोडरबर होता पेन्सिलीशेजारी. पांढरा, गुबगुबीत. आळसावलेला.

"खोडूदादा, खोडूदादा, दात घास ना!
पट्टीला आठवेना,
डबा जागेना,
पडदा उजळेना,
कळ उठेना,
गूळ मिळेना,
माझी बिटकी जेवेना!"

खोडरबर म्हणाला, "मला हात नाहीत. मला पाय नाहीत. ताईने हातात घेतल्याशिवाय मी दात घासणार नाही."

तिळी गेली ताईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

ताई चहा ओतत होती. कपातून बशीत. तिळी म्हणाली,

"सुनेत्राताई, सुनेत्राताई, ऊठ ना!"

"कोण बोलतंय?"

"मी. खाली बघ. बशीशेजारी."

ताईने खाली बघितलं. "अय्या, मुंगी! बशीत पडशील हं."

तिळी म्हणाली,

"खोडरबर घासेना,
पट्टीला आठवेना,
डबा जागेना,
पडदा उजळेना,
कळ उठेना,
गूळ मिळेना,
माझी बिटकी जेवेना!"

"पट्टीचे दात मळलेत?" ताई म्हणाली. "मला वाटलं, कॉम्प्युटर म्हातारा झाला. मी डबा उघडून बघितलाच नाही."

"मग ऊठ ना! काका येतायत!"

"उठते. पण चहा फार गरम आहे. तू जरा कळ काढ."

"मी काढू?" तिळीने विचारलं.

"हो, तूच. जरा कळ काढ."

जरा कळ काढ, म्हणजे जरा थांब. मोठी माणसं असंच बोलतात. पण तिळीला काय ठाऊक! तिला वाटलं, ताईने कामच सांगितलं.

तिळी धावली कीबोर्डकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. 'ग'च्या कळेखाली तिने डोकं घातलं. सहा पाय रोवले. आणि जोर लावला.

"हय्या हो! हय्या हो!"

कळ हलेना.

इकडे ताई चहा प्यायली. सुर्र, सुर्र. आणि उठली.

आधी बटण दाबून डबा बंद केला. मग भिंतीतला प्लग काढला. वीज चालू असताना डबा कधी उघडायचा नाही. ताई मोठी आहे, तरीसुद्धा नाही.

मग स्क्रू काढले. गर्र, गर्र.
डबा उघडला. आत धूळच धूळ. ताईने कोरड्या ब्रशने ती झाडली. फुस्स, फुस्स.
ताईने पट्टी काढली. ताईने खोडरबर घेतला.
खोडरबराने दात घासले. खस्स, खस्स.
सोनेरी दात चमकले.
पट्टी खाचेत परत बसली. कट्!
"हां, आता आठवलं!" पट्टी म्हणाली.

ताईने झाकण बसवून स्क्रू लावले. मग प्लग लावला. बटण दाबलं. पंखा फिरला. भुर्रर्र!

आणि मग...

बीऽऽऽप!

"अहो डबेराव!" पट्टी म्हणाली. "आता काय झालं? मी सांगतेय ना सगळं!"

डबा म्हणाला, "तू सांगतेस गं. पण कीबोर्डवर कोणीतरी कळ दाबून बसलंय. कळ उठल्याशिवाय मी जागा होणार नाही. बीऽऽप!"

पडदा म्हणाला, "डबा जागा झाल्याशिवाय मी उजळणार नाही."

कळ म्हणाली, "पडदा उजळल्याशिवाय मी उठणार नाही."

डबा थांबला कळेसाठी. कळ थांबली पडद्यासाठी. पडदा थांबला डब्यासाठी. सगळे नुसते थांबले.

आता आली का पंचाईत!

आणि दारातच आवाज आला.

"भंगाऽऽर!"

नामूकाका दारात उभे. खांद्यावर गोणपाट.

"काय ताई? पंखा फिरतोय! ठीक झाला की काय?"

"कुठलं काय!" ताई म्हणाली. "दात घासले, धूळ झाडली. तरी बीपच. जाऊ दे काका, घेऊन जा. आधी हा कीबोर्ड घ्या."

ताईने कीबोर्ड उचलला. काकांनी गोणपाटाचं तोंड उघडलं. आत सगळा अंधार.

आणि कीबोर्डवरून आवाज आला. बारीक. अगदी तिळाएवढा.

"हय्या हो! हय्या हो!"

ताईने कीबोर्ड डोळ्यांजवळ धरला. "अगं तू? इथे काय करतेस?"

"कळ काढतेय!" तिळी म्हणाली. "तूच सांगितलंस ना? पण निघत नाही!"

नामूकाका हसले. पोट धरून हसले. "अगं वेडाबाई, कळ काढ म्हणजे थांब! तू खरीखुरी कळ काढायला लागलीस होय!"

ताईही हसली. आणि हसता हसता थांबली.

"काका, बघा ना. सगळ्या कळा वर. ही 'ग'ची तेवढी खाली. ही का खाली?"

"माझ्या गुळाला चिकटलीये!" तिळी म्हणाली. "मी केव्हाची सांगतेय!"

"कळलं!" ताई म्हणाली. "अहो काका, कळलं!"

"कळ हलली?" काकांनी विचारलं.

"हलली नाही हो. मला कळलं!"

ताईने बटण दाबून डबा बंद केला. कीबोर्डची वायर काढली. चहाचा चमचा घेतला, कोरडा पुसला. चमच्याचं टोक कळेखाली घातलं. हळूच, अगदी हळूच उचललं.

"तिळे, तूही ओढ."

"हय्या हो!"

टक्!

कळ निघाली. खाली होता गुळाचा खडा. लालसर, चिकट, चकचकीत.

"माझा गूळ!" तिळी ओरडली.

ताईने खडा कागदावर ठेवला. "घे बाई. आणि आता सांभाळून ने."

मग ताईने कळेची जागा ओल्या बोळ्याने पुसली. कळ पुसली. फुंकर घालून वाळवली. कळ परत बसवली. कट्!

तिळीने खडा डोक्यावर घेतला. घरी निघाली. या वेळी कीबोर्डला वळसा घालून. तुरुतुरु, तुरुतुरु.

मागे ताईने कीबोर्डची वायर जोडली. बटणाचा आवाज आला. टिक्!
पंखा फिरला. भुर्रर्र!
पट्टीला आठवलं.
डबा जागा झाला. एकदाच म्हणाला, बीप. म्हणजे, सगळं ठीक.
पडदा उजळला. लख्ख!
ताईने कळ दाबली. कळ खाली गेली, कळ वर आली. टुणुक!

पडद्यावर उमटला मोठा 'ग'.

"दिसला! माझा 'ग' दिसला!" कळ म्हणाली.

"मग मी काय नेऊ?" काकांनी विचारलं. गोणपाट रिकामंच होतं.

"नेऊ नका काही. बसा. चहा घ्या," ताई म्हणाली. "आणि पुढच्या वेळी मी काही द्यायला निघाले, तर आधी मला विचारा, ताई, उघडून बघितलंत का?"

"अहो, असं विचारत बसलो तर माझं गोणपाट भरायचं कधी?" काका म्हणाले. आणि बसले. बशीत चहा ओतला. सुर्र, सुर्र.

तिळी पोचली घरी. खिडकीखाली, फटीत, आत.

बिटकी वाटच बघत होती. तिळीने गुळाचा खडा समोर ठेवला. बिटकीने चाटला. बिटकीने कुरतडला. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

गूळ मिळाला. बिटकी जेवली.

जेवून झालं. बिटकीने तोंड पुसलं. मग म्हणाली, "तिळीताई, आणखी!"

तिळी दमली होती. तिने सहाही पाय पसरले. म्हणाली, "आणते गं. जरा कळ काढ."

बिटकीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं.

"कुठली काढू?"