हरण्या गरीब झाला

"आणि शिंगाला हात लावलास तेव्हा?"

"काही नाही, तात्या. उभा राहिला. गाईसारखा गरीब!"

तात्या म्हणजे जनावरांचे डॉक्टर सिद्राम कोष्टी. पस्तीस वर्षं माणदेशातले गोठे पालथे घालून निवृत्त झालेले. अंगणात बसून ते शेळीचं वाढलेलं खूर कापत होते. समोर त्यांची शिष्या उभी होती, डॉक्टर तेजल उबाळे. वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकली आणि तीन महिन्यांपूर्वी सरगरवाडीच्या दवाखान्यात रुजू झाली. आज तिच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता, आणि तो उतरवायची तिला मुळीच घाई नव्हती.

घाई का असावी? वाडीनं तिला पहिल्या दिवसापासून हसण्यावारी नेलं होतं. ही पोरगी काय खोंड धरणार, असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. आणि आज सकाळी लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात तिनं बिरा सरगरच्या हरण्याला टोचलं होतं! हरण्या म्हणजे वाडीचा खिल्लार वळू. चार वर्षांत मालकाशिवाय कुणाला त्यानं अंगाला हात लावू दिला नव्हता. आधीच्या डॉक्टरसाहेबांना त्यानं कडब्याच्या गंजीवर चढवलं होतं आणि साहेब दुपार टळेपर्यंत खाली उतरले नव्हते.

"वेसण ओढली नाही, पाय बांधले नाहीत," तेजल सांगत होती. "मी नुसती मानेवर थाप मारली. सुई टोचली तरी कातडी थरथरली नाही. सगळी वाडी बघत होती, तात्या!"

"हं..."

"बिराअण्णा म्हणाले, बाईच्या हाताला गुण आहे."

"तू काय म्हणालीस?"

तेजल हसली. "मी कशाला नाही म्हणू?"

तात्यांचा हात थांबला.

"कान कसे होते?"

"कान?"

"रवंथ करत होता?"

तेजलनं आठवून पाहिलं. टाळ्या आठवल्या, फेटा बांधणारे हात आठवले... हरण्याचे कान काही आठवेनात.

तात्यांनी शेळी सोडली. तेजलची बॅग पुढं ओढली, थर्मामीटर काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"हा लावलास?"

"ऐंशी जनावरं होती, तात्या. आणि त्याची मान तर उन्हानं..."

ती मध्येच थांबली. मान तापलेली होती, हाताला चांगली लागली होती. पण सकाळी आठ वाजता कुठलं आलंय ऊन!

"चार वर्षं ज्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही," तात्या म्हणाले, "त्यानं आज तुला का येऊ दिलं?"

तिनं फेटा उतरवून बाजेवर ठेवला.

"गाडी काढ," तात्या म्हणाले.

हरण्या सकाळी होता तिथंच उभा होता. कान लोंबलेले, वैरणीला तोंड लावलेलं नव्हतं. पायाशी लघवी सांडलेली, तिचा रंग कोऱ्या चहासारखा. तेजलनं त्याची शेपटी उचलली. हरण्याची शेपटी उचलायची आणि त्यानं वळूनही बघायचं नाही! शेपटीखाली गोचिडांची रांग लागली होती. पारा एकशे सहावर गेला.

गोचीड ताप. आणि अशा तापलेल्या जनावराला तिनं लस टोचली होती.

गाडीचा आवाज ऐकून सकाळचीच माणसं पुन्हा गोठ्याच्या दारात जमली. बिरा तर खुशीतच होता.

"तात्यास्नी दावाय आणलं व्हय, बाई? बगा तात्या, पार कोकरू केलंय बाईनं!"

तात्या हात मागं बांधून खांबाला टेकले. तेजलनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी आढ्याकडं पाहिलं.

सांगावं तर आजच मिळालेली पत आजच जाणार. ताकदीचं इंजेक्शन म्हणून औषध टोचलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिच्या मनात ते आलंही. खोटं कशाला सांगायचं, चांगलं दोनदा आलं.

"बिराअण्णा," ती म्हणाली, "माझ्या हाताला गुणबिण काही नाही. हरण्या सकाळीच आजारी होता, म्हणून उभा राहिला. मी ताप बघितला नाही, तशीच लस दिली. चूक माझी."

बिराचं तोंड उतरलं.

"जगंल का?" त्यानं विचारलं.

"आज उपचार झाला तर जगेल. मी करते."

आवाज कापला नाही, याचं तेजललाच नवल वाटलं. तिनं हरण्याच्या कानाच्या टोकाचं रक्त तपासणीसाठी काचेवर घेतलं. छातीचा घेर मापून वजनाचा अंदाज बांधला, तेवढं औषध भरलं आणि खोल मांसात टोचलं. मग सलाईन लावलं. बिराला गोचिडांचं औषध दिलं, ते कसं लावायचं ते दाखवलं. तात्यांनी एकदाही हात पुढं केला नाही.

परतताना तिला राहवेना.

"तुम्ही तिथं एक शब्द बोलला नाहीत, तात्या."

"तू बोलत होतीस ना..."

पुढचे दिवस ती सकाळ-संध्याकाळ सरगरच्या गोठ्यात जात राहिली. पारावरची काही मंडळी तिला बघून तोंड फिरवायची, काही मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायची. तिला दुखायचं, पण तिची वेळ चुकली नाही. दुसऱ्या दिवशी ताप एकशे तीनवर आला. तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग निवळला. चौथ्या दिवशी हरण्यानं पेंडीत तोंड घातलं.

पाचव्या दिवशी तात्याही बरोबर आले आणि दारातच थांबले. तेजल थर्मामीटर झटकत हरण्याच्या मागच्या बाजूला गेली.

हरण्यानं एक फूत्कार टाकला. कासरा ताणला गेला, खुंटा हलला, आणि काय झालं ते कळायच्या आत तेजल मागच्या भिंतीशी रचलेल्या कडब्यात पडली. थर्मामीटरचे दोन तुकडे झाले. बाही फाटली, कोपर सोलवटलं.

बिरा धावत आला.

"बाई, लागलं का वो? आवं, लई द्वाड जनावर हाय हे... माफी करा, बाई. तात्या, तुमी तरी सांगा बाईस्नी, पाया पडतो..."

तेजल कडब्यात पडल्या पडल्याच हरण्याकडं बघत होती. कोपरातून रक्त येत होतं आणि ती आनंदानं रडत होती.

तात्या दारातूनच म्हणाले,

"माफी कसली मागतोस, बिरा? पेढे वाट."