बांधावरची जाळी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगायला आता कुणी उरलेलं नाही. का उरलं नाही, तेच सांगतो.

गावाच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घातलेलं तळं होतं. बांधावर निरगुडी आणि करवंदीची गच्च जाळी. खाली ऊन म्हणून पोचत नसे. पाखरांनी टाकलेलं पिंपळाचं बी त्या सावलीत पडे आणि तिथंच कुजून जाई. कोंडबा नावाचा राखणदार ती जाळी जपत असे. त्याची लेक सगुणा बांधाच्या पायथ्याशीच नांदत होती.

एकदा पाटलीणबाईंचं नवं लुगडं करवंदीच्या काट्यात अडकून फाटलं. झालं, पाटलांनी बांध साफ करायला सांगितला.

कोंडबा हात जोडून म्हणाला, "पाटील, झुडपाची मुळं वरवर पसरतात, माती धरून ठेवतात. झाडाचं मूळ बांधाच्या पोटात शिरतं. जाळी काढलीत तर झाड येणार."

"आलं तर उपटू की. त्यात काय एवढं?"

जाळी गेली. पुढच्याच पावसाळ्यात बांधावर बोटभर पिंपळ उगवला. कोंडबा उपटायला वाकला, पण पिंपळ तो! जन्मभर ज्याला नमस्कार केला, त्याला उपटायचं कसं? पुढे केलेला हात त्यानं कपाळाला लावला आणि पाटलांकडे गेला.

"देवाचं झाड आहे," पाटील म्हणाले. "माझ्या हातून नाही व्हायचं."

शहाणेच सगळे! आज नाही उद्या करता करता वर्षं गेली. पिंपळाला पार बांधला. बायका प्रदक्षिणा घालू लागल्या. सगुणाही दर शनिवारी पाणी घालायची. लेकीला नको म्हणायला कोंडब्याची जीभ रेटत नसे.

मग एका श्रावणात आठ दिवस झड लागली. मुळांच्या कडेकडेनं पाणी झिरपलं आणि भर दुपारी बांध फुटला. पहिलं घर सगुणाचं गेलं. सगुणा घरातच होती.

"देवाची मर्जी," लोक म्हणाले.

"देवाला कशाला मधे घेता?" कोंडबा म्हणाला. "बोटभर होता तेव्हा माझाच हात मागं आला."

तळं आटलं, विहिरी आटल्या. एकेक घर गाव सोडून गेलं. शेवटी कोंडबा एकटाच राहिला, आणि मग तोही राहिला नाही.

तात्पर्य: जे एकदा रुजल्यावर उपटायला आपला हात धजणार नाही, ते मुळात रुजूच देऊ नये.