कुंभारणीचं झाकण

जंगलातल्या बाजारात विजेवर चालणाऱ्या चिमुकल्या वस्तूही मिळायच्या, त्या काळातली ही गोष्ट. साळिंदरबाई तिथं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानयंत्रं विकायची. एकदा म्हाताऱ्या हरिणीनं यंत्राची डबी नेली, तर आत निघाला खडा. माकडांनी यंत्र पळवून डबी होती तशी लावून ठेवली होती. त्या दिवशी हरिणीला वाघाची चाहूल लागली नाही, ती कशीबशी वाचली.

साळिंदरबाईला अन्न गोड लागेना. तिनं सगळ्या डब्या आपल्या काट्यांनी घट्ट शिवल्या आणि एक हरिणीला बदलून दिली. ती उघडताना हरिणीचं तोंड रक्ताळलं.

"बाई, हे काटे चोरासाठी आहेत की माझ्यासाठी?" तिनं विचारलं.

साळिंदरबाई डब्यांचे काटे उपसू लागली. शेजारी कुंभारीण माशी आपल्या घरट्याचं तोंड मातीनं लिंपत होती.

"इतकं नाजूक झाकण कुणीही फोडेल," साळिंदरबाई म्हणाली.

"फोडू दे. पण फोडलेलं पुन्हा असंच लिंपून दाखव म्हणावं."

साळिंदरबाईला ते पटलं. मग तिनं कुंभारणीकडून सगळ्या डब्या लिंपून घेतल्या. माकडांनी एक फोडली आणि ती दुपारभर पुन्हा लिंपत बसली, पण बोटांचे ठसे काही लपेनात. शेवटी डबी टाकून माकडं निघून गेली.

हरिणीनं आपली डबी नुसत्या ओठानं उघडली. यंत्र कानात बसताच तिनं मान माशीच्या घरट्याकडे वळवली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ही माशी लिंपताना गाते गं."