आधी कारीट, मग करंजी

घड्याळं अजून घरोघर आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. कोकणातल्या एका कुंपणावर कारिटाची वेल होती. फळं आवळ्याएवढी आणि कडूजहर. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाऊनमाखून घरची पोरं तुळशीपुढे पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायची, रस जिभेला लावायची आणि थू थू करत अंगणभर नाचायची. फराळ त्यानंतर. वेल वर्षभर त्या गोंगाटाची वाट पाहायची.

एका दिवाळीत कुणी आलंच नाही. "सणासुदीला कडू तोंड कशाला?" म्हणत घरधनीण जानकीनं फराळाचा डबाच पोरांपुढे ठेवला.

"तुझ्यावाचून काही अडलं का?" डब्यानं खिडकीतून वेलीला डिवचलं.

"नाही रे बाबा," वेल म्हणाली. "पण मी आधी तोंड कडू करायची, म्हणून तुझी एक करंजी पोरांना पुरायची. आता त्यांना पुरे कोण म्हणणार?"

भाऊबीजेपर्यंत पोरं पोट धरून आडवी झाली. डब्याकडे कुणी बघेना. ओवाळून घ्यायला आलेला जानकीचा भाऊ भिकाजी म्हणाला, "आक्का, यंदा कारीट फोडलं नाहीत? लहानपणी सगळ्यांत मोठ्यानं तूच ओरडायचीस!"

जानकी उठली. वेलीवरचं पिवळं पडलेलं कारीट तिनं तुळशीपुढे फोडलं, जिभेला लावलं आणि थू थू करत तिथंच बसून खदखदून हसली. आई अशी हसते तरी कशाला, हे बघायला पोरं कण्हत अंगणात आली.

वेल कान देऊन ऐकत राहिली.

"पुढल्या वर्षी," डबा हळूच म्हणाला, "आधी तू ये. मी झाकण लावून थांबतो."