राजाच्या डोक्यावरची अंजिरं

तीन डोंगरांपलीकडच्या एका गावात एक शेतकरीण राहायची. साऱ्या गावासारखीच तीही अफू पिकवायची. खेचरवाला व्यापारी दाराशी येई आणि माल लपवून शहरात नेई. तिथे अफूपायी माणसं आयुष्यातून उठत होती. ते आठवलं की तिला लाज वाटे. पण घरची चूल तर पेटायला हवी!

राजाने शेतं जाळली, गावाने पुन्हा अफू पेरली. मग राजाने अंजिराची रोपं वाटली. झाडं वाढली, फळांनी लगडली, तरी झाडांच्या आड अफू डोलतच राहिली. राजाचा पारा चढला. मशाल घेऊन तो स्वतःच शेतकरणीच्या शेतात आला.

"रोपं दिली, तरी ही थेरं?"

तिने फळांनी भरलेली पाटी राजापुढे ठेवली. "जाळा महाराज. फक्त आधी ही अंजिरांची पाटी बाजारात पोचवा."

"हात्तिच्या! एवढंच ना? आण इकडे."

राजाने पाटी डोक्यावर घेतली. मागोमाग शेतकरीण निघाली. पहिल्या डोंगरावर महाराज घसरून आपटले. दुसऱ्यावर रस कानामागून ओघळू लागला. तिसऱ्यावर मधमाश्या पाठीस लागल्या, तेव्हा तर महाराज चक्क पळत सुटले. दोन दिवसांनी बाजारात पाटी उतरली. आत नुसता लगदा!

"हे कोण घेणार, बाई?"

"कुणीच नाही, महाराज. अफूचा गोळा फडक्यात वर्षभर टिकतो, आणि दारातूनच विकला जातो."

राजाने चिकटलेल्या मिशा सोडवल्या आणि तो खो खो हसत सुटला. "रोपं दिली, आणि रस्ता द्यायचाच विसरलो की!"

वर्षभरात गाडीरस्ता झाला. राजाची माणसं गावात येऊन अंजिरं विकत घेऊ लागली. पोरांच्या तोंडाला दिवसभर रस लागलेला असे.

एक दिवस व्यापारी आला. "यंदा अफूला दुप्पट भाव देतो."

शेतकरणीने अफूच्या बोंडांना चिरा पाडायची जुनी सुरी काढली. व्यापारी खूश झाला. तिने त्या सुरीने एका अंजिराचा देठ कापला आणि फळ त्याच्या हातावर ठेवलं.

"आता हिचं एवढंच काम उरलंय, शेठ. खाऊन तर बघा."

तोवर खेचराने पाठीमागे अर्धी पाटी फस्त केली होती. शेतकरीण पोट धरून हसली. व्यापारी मात्र रिकाम्या हाताने परत गेला.

तात्पर्य: वाईट धंदा सोड म्हणणाऱ्याने आधी चांगल्या धंद्याचा रस्ता बांधून द्यावा, मग माणूस आपणहून त्या रस्त्याने चालू लागतो.